टाकीवाल्याचे तीन आवाज

रोज सकाळी चूळ भरून झाली की टाकीवाला मोरीत उभा राहून आवाज लावून बघायचा. आधी खर्जातला, मग मधला, मग कानठळ्या बसवणारा. बायको चुलीपासूनच विचारायची, नाटक कंपनीत निघालात की गॅस पोचवायला?

पण तिला ठाऊक होतं, प्रत्येक वस्तीचा आवाज वेगळा. जुन्या बाजारात गल्लीच्या तोंडाशी आरोळी ठोकली की वरून चौघीजणी एकदम विचारायच्या, आमची टाकी आणली का. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं जिन्यातच कळायचं. टेकडीवरच्या बंगल्यांत आवाज मऊ, कुत्रं जागं होईल एवढाही चढवायचा नाही. आणि कारखान्यामागच्या वसाहतीत नुसती कुजबुज. तिथली माणसं रात्रपाळी करून दिवसा झोपायची. तिथे दारावर नखाने टिचकी मारायची आणि टाकी आधी स्वतःच्या पावलावर टेकवून मग जमिनीवर उतरवायची, म्हणजे दणका बसत नाही. त्यापायी त्याच्या उजव्या पायाचा अंगठा कायमचा काळा पडला होता.

टाक्या वाहून वाहून पाठ गेली तेव्हा बायकोनेच हट्ट धरला. शहराच्या कडेला नवे टॉवर झाले होते, तिथली फेरी एजन्सी देत होती. लिफ्ट होती, ढकलगाडी होती. पाठीपेक्षा गप्पा मोठ्या आहेत का, असं तिने सुनावलं. त्याने ऐकलं.

पाठ सुधारली. तिथे बेल दाबायची, दोन पावलं मागे सरायचं, ओळखपत्र दाराच्या भिंगासमोर धरायचं. दार उघडे, टाकी आत जाई, दार मिटे. हळूहळू मोरीतला आवाज बंद झाला. जेवताना तो विचारलं तेवढंच बोले. दमत असेल, असं तिला वाटलं.

एका संध्याकाळी घरची बेल वाजली. दार उघडलं तर नवरा दोन पावलं मागे, ओळखपत्र छातीशी धरून, खाली बघत उभा. दार आपल्याच घराचं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

ती हसणार होती. पण तिने दार पूर्ण उघडलं.

"अहो, आत या," ती म्हणाली. "घर तुमचंच आहे."

तो ओशाळून आत आला. पाठीला तेल लावता लावता तिने जुनी फेरी मागून घ्यायला सांगितलं.

"आणि पाठ?"

"पाठ मी चोळीन. मुक्या माणसाचं काय करू?"

बाजार आणि टेकडी दुसऱ्याला गेली होती. मिळाली ती फक्त वसाहत, तिचे जिने आणि कुजबुज. पण तिथली माणसं अर्धवट झोपेतही दारात उभं राहून हळूच चहा विचारायची. मोरीत पुन्हा खर्ज घुमू लागला. पाठ रोज दुखायची, बायको रोज चोळायची, आणि तो वसाहतीतल्या गोष्टी तिथल्याच आवाजात, हलक्याने सांगायचा.

काही वर्षांनी तो झोपेतच गेला. आदल्या संध्याकाळी तेल लावून झाल्यावर कूस बदलत एवढंच म्हणाला होता, "उद्या पहिली टाकी कोपऱ्यावरच्या घरची आहे. लवकर उठव गं. पण हळू उठव."