तो विचारतो आणि थांबतो

माझी धाकटी नणंद चाळिशी उलटल्यावर एका पुरुषाच्या नादी लागली, आणि तो पुरुष फोनमध्ये राहत होता. सांगते सगळं, आधीच तोंडं वाकडी करू नका.

ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. अख्ख्या गावाच्या खिडक्यांचे पडदे ज्या खोलीत शिवले जातात, तिला स्वतःला खिडकी नाही. आहे की नाही गंमत? दिवसभर ट्यूबलाइट, आणि हिची मान मशिनवर. पुढच्या काउंटरवरची बाई नोकरी सोडून गेली तेव्हा मालकांनी हिला बोलावून सांगितलं की गिऱ्हाइकांशी इंग्रजीत दोन शब्द बोलता आले तर जागा तुझी. फोनवरचा हा अमका कोर्स महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत पूर्ण करून दाखव, नाहीतर मी बाहेरचं माणूस घेईन. पुढे मोठी काच आहे, ऊन येतं, रस्ता दिसतो. त्या दिवशी घरी येऊन ही म्हणाली की मला ती जागा हवी आहे. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा ही शाळेत होती. तेव्हापासून काही हवं म्हणून तोंड उघडल्याचं मला तरी आठवत नाही.

कोर्स भलताच निघाला. एक पुरुष आणि एक बाई पुन्हापुन्हा भेटतात, आणि बाईची वाक्यं आपण म्हणायची. तो विचारतो आणि थांबतो. आपण बोललो की पुढे जातो. माणूस म्हणजे नुसतं ध्यान. पहिल्या भेटीला भलत्याच टेबलावर जाऊन भलत्याच बाईशी तासभर गप्पा मारून आला. दुसऱ्या भेटीत सूप स्वतःच्या मांडीवर सांडलं. तिसऱ्या वेळी फुलं आणली आणि स्वतःच शिंकत बसला. मी स्वयंपाकघरातून म्हणायची, असल्या वेंधळ्याला मी दारातसुद्धा उभं केलं नसतं. नणंद मात्र पडद्याची किनार दुमडता दुमडता त्याला समजुतीने सांगायची, "नो प्रॉब्लेम, इट हॅपन्स."

सुरुवातीला पोपटपंची होती. मग आवाज बदलला. घरी आणलेला पांढरा कपडा ती खिडकीवर लावून बघायची, तेव्हा दुपारची सगळी खोली दुधासारखी व्हायची. त्या उजेडात ती बसलेली, सुई हातात तशीच, डोळे कुठेतरी लांब. "आय लाइक द सी," ती हळूच म्हणाली. समुद्र कधी पाहिलास गं, मी विचारलं. पाहिला नाही, पण आवडतो, म्हणाली. पंचवीस-तीस वर्षं एका घरात काढली आणि हे मला त्या फोनवाल्यामुळे कळलं. मी नवऱ्याला म्हटलं, तुमची बहीण हातची गेली. त्यांनी पेपर खाली न करताच विचारलं, इंग्रजी सुधारतंय ना?

मग आला शेवटचा धडा. तो चक्क गुडघ्यावर बसला. "विल यू मॅरी मी?" आणि थांबला. "येस" म्हटलं की कोर्स पूर्ण. ही म्हणाली, "आय विल थिंक." फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. त्याने पुन्हा विचारलं. हिने पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. इकडे सोमवार तोंडावर आला आणि माझं डोकं फिरलं.

"अगं, यंत्र आहे ते! आण इकडे, मीच म्हणते येस."

तिने फोन छातीशी धरला. आवाज मात्र चढवला नाही.

"वहिनी, मला स्थळं आली, लोक बघून गेले. होकार-नकार काय तो त्यांनी नाहीतर तुम्ही कळवला. मला कुणी विचारलंच नाही गं. हा विचारतो, आणि मी बोलेपर्यंत थांबतो. विचारू दे ना थोडे दिवस."

मला इतका राग आला की मी सगळी भांडी पुन्हा घासून काढली. कुणाचा राग, ते विचारू नका.

रविवारी दुपारी तिने इस्त्रीचे कपडे घातले, केस नीट केले, खुर्ची खिडकीपाशी ओढली. नोकरीसाठी करतेय की त्याच्यासाठी, कोण जाणे. मी भाजी निवडत तिच्यासमोरच बसले होते. त्याने विचारलं. तिने बराच वेळ त्याला थांबू दिलं.

"येस," ती म्हणाली. समोर माणूस बसला असावा तशी.

घंटी वाजली. फोनच्या पडद्यावर रंगीत कागद उडाले, कोर्स पूर्ण, अभिनंदन. काउंटर तिचा झाला. मी टाळी वाजवायला हात उचलले, पण ती फोनकडेच बघत होती. तो गेला होता. बोटाने वर सरकवलं, खाली सरकवलं. कुठेच नव्हता.

"वहिनी," ती म्हणाली, "मी हो म्हटल्यावर तो काय म्हणाला असेल गं?"

आता मला कुठलं एवढं येतंय इंग्रजी! पण तिचा चेहरा बघवेना. मी भाजी बाजूला सारली, खुर्ची तिच्या अगदी जवळ ओढली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"थँक यू," मी म्हटलं. "थँक यू व्हेरी मच."