निफाडच्या वरातीत स्का

नागपूरहून आलेली गाडी नाशिकरोडला लागली तेव्हा मिलिंद फलाटावर उभा होता. "जय भीम! वेळेवर आलास, हे कसं काय?" एवढं बोलून त्याने माझी बॅग घेतली.

मिलिंद सरकारी कार्यालयात कारकून आहे. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो आणि एकाच टेपवर स्का ऐकायला लागलो. जमैका बेटावरचं हे जुनं संगीत. पुढे त्याचा वेग उतरला आणि त्यातून रेगे आलं. आपल्याकडे ठोका पडतो तिथे टाळी पडते. स्कामध्ये गिटार ठोक्यावर गप्प राहते आणि दोन ठोक्यांमधल्या जागेत वाजते. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप उचलला जातो. कॅसेट झिजल्या, पुढे फोन आले, पण समोर बसून माणसं हे वाजवताहेत असं आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. आता मिलिंदच्या मुलाचं लग्न निफाडला होतं. वरातीसाठी ठरवलेल्या तिथल्याच बँडला त्याने स्काची एक जुनी धून बसवायला दिली होती. मी आलो होतो तो लग्नासाठी, आणि त्या धुनेसाठीही.

मिलिंदच्या इंदिरानगरच्या घरी वंदनावहिनींनी मिसळीबरोबर पापड, दही आणि एक अट वाढली.

"भावजी, तुम्ही साक्षीदार. नाचणारे थांबले की मी मास्तरला हात करणार, आणि ते गाणं बंद. माझ्या बहिणी जळगावहून नाचायला येतायत, उचक्या ऐकायला नाही."

"उचक्या?" मिलिंद म्हणाला.

"मग काय! उचकी लागल्यासारखंच वाजतं ते."

दुपारी आम्ही दोघे निफाडला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, काढणी सुरू होती. एका बागेपाशी ओंजळभर मणी (घडावरून सुटलेली द्राक्षं) खायला मिळाले. बाजारामागच्या गाळ्यात बाळूमास्तरांचा बँड तयार होता. त्यांनी धून वाजवली. सूर बरोबर, सफाई उत्तम. पण गिटारच्या जागी वाजणारे ट्रंपेटचे भोंगे सगळे ठोक्यावर पडत होते. ती साधी कवायतीची धून झाली होती.

"साहेब, तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये चूक हाय," मास्तर समाधानाने म्हणाले. "वाजवणारे समदे मागं ऱ्हातात. आम्ही दुरुस्त करून घेतलं."

मिलिंद ढोलाच्या पेटीवर बसला. "मास्तर, ती चूकच पाहिजे."

"लोक म्हणतील, मास्तरला ताल नाय."

"लोकांना सांगा, नवरदेवाच्या बापाला नाही."

बराच वेळ जमेना. शेवटी मिलिंदने सगळ्यांना गल्लीत आणून चालायला लावलं. पाऊल टेकलं की ताशा, पाऊल उचललं की भोंगे. बँडवाले आयुष्यभर चालतच वाजवत आलेले. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत धून जागेवर आली. "लय अवघड नाय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा एकदा वाजवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी वरातीत आधी भीमगीत झालं, ते ठरलेलंच. मग स्का सुरू झाला. चालता चालता तो छान वाजत होता. मिलिंद माझ्याकडे पाहून हसला. चौकात मात्र वहिनींच्या बहिणींनी वरात अडवली. जागा मिळाली की रिंगण करून नाचायचं आणि बँडने तिथेच उभं राहायचं, ही रीतच आहे. बँड उभा राहिला, पावलं थांबली आणि भोंगे घसरून पुन्हा ठोक्यावर आले.

"मास्तर, शाळेची परेड हाय का?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. नाचणारे हात खाली आले. वहिनी मास्तरांच्या दिशेने निघाल्या. त्यांचा हात वर गेला होता.

मिलिंद मध्ये शिरला. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, मास्तरांच्या पुढ्यात तो जागच्या जागी चालू लागला, गुडघे थेट कमरेपर्यंत उचलत. मास्तरांनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि आपले उचलले. मग अख्खी रांग जागच्या जागी चालू लागली. भोंगे मधल्या फटीत परत गेले.

"अहो, हे काय चाललंय?"

"पाय उचल, वंदना!"

बहिणींना वाटलं, ही नाचायची नवी तऱ्हा आहे. सगळ्यांत थोरलीने पदर खोचला आणि गुडघे उचलले. बघता बघता चौकभर माणसं जागच्या जागी धावत होती. जमैकात स्कावर असंच नाचतात. चौकात कोणालाच हे माहीत नव्हतं. वहिनींचा वर गेलेला हात तसाच राहिला. थोड्या वेळाने तो ठेक्यात हलू लागला.

परतीच्या दिवशी मिलिंद द्राक्षांची पेटी घेऊन स्टेशनवर आला. शेवटी समोर वाजताना ऐकलंस, कसं वाटलं, असं मी विचारलं.

"ऐकलंय कुठे? माझं सगळं लक्ष पायांकडे!" तो म्हणाला. "आता धाकट्या लेकीचं लग्न. वंदनाने मास्तरला सांगून ठेवलंय, ते उचकीवालं आधी लावायचं म्हणून. तेव्हा मी बाजूला उभा राहून ऐकणार."

आम्ही हे संगीत इतकी वर्षं कान लावून ऐकलं. ते पायात असतं, हे मला निफाडच्या चौकात कळलं. मिलिंद बाजूला उभा राहील यावर मात्र माझा विश्वास नाही. गाडी सुटली तेव्हा तो खिडकीबरोबर चालत होता, आणि दर पाऊल उचलताना तोंडाने भोंगा वाजवत होता.