छाटलेल्या विड्या

समोरच्या घरातली बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. तंबाखूची धूळ उडाली की शेजारी रांगणारी पोर खोकायची. "पोटातनंच शिकून आलीया," असं म्हणून बाई हसायची. ते हसणं मला ऐकवत नसे.

कारखान्यातला मुकादम रोज तिच्या मूठभर विड्या वाईट म्हणून छाटायचा. त्यांची मजुरी बुडायची, आणि संध्याकाळी तोच त्या ओढत बसायचा. पोरीला औषध आणायचं होतं, त्या दिवशी त्यानं निम्म्या विड्या छाटल्या. बाईनं त्या त्याच्यासमोरच चुरगाळल्या.

"वाईट हायत न्हवं? मग तुमी बी वडू नका की, मामा."

त्यानंतर आठवडाभर तिला कारखान्यातून विड्या वळायला पान-तंबाखू मिळाली नाही. तेवढे दिवस पोर खोकली नाही. भुकेनं रडत राहिली.