दोर धरणारे शेजारी

आमच्या गारखेड्यातले हे एक शेजारी मैदानावर गरम हवेच्या बलूनचा दोर धरायचं काम करत. हौशी लोकांना वर घेऊन जाणारा चालक टोपलीत असे आणि हे खाली. पण चहाच्या टपरीवर ऐकावं, तर अख्खं आभाळ यांच्याच मुठीत. समोरच्याच्या शर्टाचं बटण पिळत ते म्हणायचे, "वर काय, कुणीबी बसतंय सर! जीव खालच्या माणसाच्या हातात ऱ्हातो."

एका सकाळी मी लेकीला घेऊन टोपलीत बसलो. उतरताना, जमीन पुरुषभर उरली असताना, एकदम वारा सुटला आणि टोपली कलली.

"दोर सोडू नका!" चालक ओरडला.

यांनी दोर सोडला आणि थेट फाटकाकडे धूम ठोकली. त्यांचा डबा घेऊन आलेल्या वहिनींनी डबा टाकून दोर धरला. फरफटत गेल्या, गुडघ्यांवर आपटल्या, पण सोडला नाही. मग मैदानावरचे बाकीचे धावले आणि आम्ही खाली टेकलो.

संध्याकाळी वहिनींचे आभार मानायला गेलो. हे पाहुण्यांना सांगत होते, "लई वारा होता, पण म्या हलू दिलं नाय."

वहिनी चहा घेऊन आल्या. दोन्ही तळहातांना फडकी बांधली होती. "लेक भ्याली नाय ना?" त्यांनी मला विचारलं. तेवढ्यात ट्रे कलला.

"नीट धर की!" हे खेकसले.

मी उठून ट्रे हातात घेतला. यांनी त्यातला पहिला कप स्वतःसाठी उचलला.