सरांनी दिलेला होकार

"मनातलं राहू दे. बाहेर काय दाखवलंस, तेवढं सांग." असं म्हणत खुर्चीतून उठायचं, टेबलाभोवती फेरी मारायची नि परत बसायचं, असे आमचे सर. घटकाभर एका जागी बसतील तर शपथ!

हैदराबादेत कुकटपल्लीच्या आमच्या ऑफिसात इंग्लंडमधल्या वकिलांची पत्रं तयार होतात. भांडणारे दोघं तडजोडीला आले, की त्यांची बोलणी नेमकी कधी बंधनकारक होतात, हा सरांचा प्रांत. "तिकडं सही लागतेच असं नाही," ते बजावत. "मुद्दे ठरले नि साध्या ईमेलवर 'मान्य' लिहिलंस, की अडकलीस! म्हणून आधी वर लिही, करारावर सह्या होईपर्यंत कुणी बांधील नाही." ती ओळ मी एकदा विसरले, तर जेवणावरून उठवलं मला. अस्सा राग आला होता त्यांचा!

घरी मात्र माणूस पक्का हैदराबादी. तकल्लुफ, म्हणजे वरवरचा आग्रह, एवढा, की ताटातलं शेवटचं मिरचीभजं तुमच्यापुढे करतील, आणि तुम्ही खरंच खाल्लंत तर तोंड एवढंसं करतील. एकानं "घ्या की" म्हणायचं, दुसऱ्यानं "नक्को, नक्को", ही इथली रीत तुम्हाला काय सांगायची!

विद्यानगरच्या घरात सर आणि त्यांची आई. धाकटा भाऊ पुण्याला. आई दोघांनाही हवी, म्हणून कुरबूर चालायची. दिवाळीला भाऊ आला नि म्हणाला, "दादा, आईला आता मी नेतो."

"हौ, ने की! तुझी पण आईच आहे," सर म्हणून गेले. तो "राहू दे" म्हणेल, असं धरून चालले होते. पुण्यात राहून तो ही रीत पार विसरलेला. सकाळी गाडी दारात हजर.

"मग नको म्हणायचं ना, सर!" त्यांनी हे ऑफिसात सांगितलं, तशी मी ओरडलेच.

"म्हणालो ना, गाडीपाशी. आईला म्हटलं, माझ्या मनात तसं नव्हतं."

"मग?"

"म्हणाली, 'बाळा, मी जेवणं होईस्तोवर वाट बघितली. तू एकदा तरी राहा म्हणशील, वाटलं. मग पिशवी भरली.'"

मला त्यांचा राग आला, तरी मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

त्यानंतर सरांचं कामात लक्ष लागेना. एका दुपारी भावाचा फोन आला. "दादा, तू पण येतोस का इकडं राहायला?" मागून आईचा आवाज मलाही ऐकू आला, "विचारत काय बसलास? ये म्हण त्याला!"

"येतो," सर म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हातानं ड्रॉवर रिकामा करू लागले.