चौबळांच्या मैदानात गोळीबार बंद

शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट उघडली आणि आतून एखादा गृहस्थ "पायाखाली बघा, पायाखाली!" असं स्वतःलाच बजावत बाहेर पडला, तर तो उपेंद्र चौबळ समजावा. दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत हा माणूस सेफ्टी ऑफिसर होता आणि ते पद घरी आल्यावरही खुंटीला टांगत नसे. अनुपमावहिनी तेलात मोहरी टाकण्यापूर्वी "फोडणी!" असं ओरडायच्या. घरचा नियमच होता तसा.

२००९ साली मंदी आली आणि दुबईतले मनोरे ज्या मजल्यावर होते त्याच मजल्यावर थांबले. चौबळांना बिनपगारी रजा मिळाली. "काम निघालं की बोलावू, इन्शाल्ला." बंद साइटवरची जुनी हेल्मेटं नि गॉगल कचऱ्यात निघाले होते. ते यांनी पोत्यात भरून घरी आणले.

"लोक येताना पेढे आणतात," वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे भंगार येतं."

पण चौबळांना रजेपेक्षा दुसरीच गोष्ट टोचत होती. आदल्या ईदला बिल्डिंगमागच्या वाळूत पोरांची लढाई जुंपली होती. ईदीचे पैसे हातात पडले की पोरं धावायची ती हनीफच्या ग्रोसरीत, आणि बाहेर यायची ती छर्ऱ्यांची बंदूक घेऊनच. त्यातला एक छर्रा टॅक्सी चालवणाऱ्या यूनुसभाईंच्या छोट्या मुनिराच्या भुवईवर बसला. बोटभर खाली लागता तर डोळा गेला असता. आणि बंदूक होती चौबळांच्याच ईशानीच्या हातात!

"इट्स ओन्ली प्लास्टिक, बाबा," ईशानी म्हणाली.

"बच्चे हैं, उपेंद्रभाई," यूनुसभाई म्हणाले. "अल्लाह ने बचाया. बात खलास."

चौबळांच्या लेखी मात्र खलास नव्हती. "टळलेला अपघात घर बघून जातो," ते मला म्हणाले. "तो परत येतो."

रमजान संपत आला तशी त्यांची झोप उडाली. इफ्तारनंतर आमच्या घरी बैठक बसली. हनीफला "बंदुका विकू नकोस" म्हणायला कुणालाच तोंड नव्हतं. निम्मी बिल्डिंग सामान बांधून मायदेशी गेली होती आणि उरलेल्या आम्हा सगळ्यांना तोच उधारीवर पोसत होता.

"मग आपणच सगळ्या विकत घेऊ," मी म्हणालो. "दुकानात माल नाही, तर पोरांच्या हाती येणार कुठून?"

इथल्या आमच्या मराठी मंडळाचा कुठलाही ठराव इतक्या झटपट मंजूर झाल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चार मोठी माणसं हनीफकडची एकूण एक बंदूक उचलून, चेहऱ्यावर समाजसेवा घेऊन घरी आलो. पंधरा दिरहमला एक, म्हणजे दोनशे रुपये, असं वहिनी जिना चढेपर्यंत मोठ्यानं म्हणत होत्या.

ईदच्या आदल्या दिवशी हनीफच्या दारात भलेमोठे दोन खोके दिसले. त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

"साब, इस साल गन का क्या डिमांड है! मैंने सोचा, आप लोगों को कम नहीं पड़ना चाहिए."

यूनुसभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खजुरांचे भाव पाहू लागलो.

ईदचा दिवस उजाडला. ईदी वाटली गेली, बंदुका आल्या आणि सैन्य वाळूत उतरलं. बघतात तो मैदानाला लाल-पांढरी पट्टी बांधलेली, आणि आत हेल्मेट घालून, पोतं पायाशी घेऊन चौबळ उभे.

"खेळा!" ते म्हणाले. "पण ही साइट आहे. गॉगल आणि हेल्मेट नाही, त्याला प्रवेश नाही. नेम धरायचा तो ताकाच्या रिकाम्या खोक्यांवर, माणसांवर नाही. आणि एक जण सेफ्टी ऑफिसर. त्यानं शिट्टी वाजवली की सगळं बंद."

शिट्टी त्यांनी मुनिराच्या गळ्यात घातली.

ईशानीनं बंदूक उचलली. फुर्रर्र! "यू! गॉगल अप! आउट!" दुसऱ्यानं नेम धरला. फुर्रर्र! "स्ट्रॅप ओपन! आउट!" जिच्या बंदुकीनं तिची भुवई फुटली त्या ईशानीला तर मुनिरानं तीनदा बाहेर काढलं. अर्ध्या तासात पोरांच्या ध्यानात आलं, की या खेळात खरी गंमत गोळी मारण्यात नाही, दुसऱ्याला बाहेर काढण्यात आहे. "माय टर्न! माय टर्न!" करत सगळी शिट्टीमागे धावू लागली. गोळ्या मारायला कुणी उरलंच नाही. बंदुका वाळूत, आणि प्रत्येक पोरगं दुसऱ्याच्या हनुवटीखालचा पट्टा तपासतंय!

हे पाहून चौबळांनी समाधानानं हेल्मेट काढून घाम पुसला. फुर्रर्र!

"अंकल! नो हेल्मेट! आउट!" मुनिरा ओरडली. भुवईवरचा वण चमकत होता आणि त्याखालचे दोन्ही डोळे त्यांच्यावर रोखलेले होते.

"यस, मॅडम," म्हणत चौबळ पट्टीखालून वाकून बाहेर आले. इतक्या आनंदानं साइटवरून हाकलला गेलेला माणूस त्या मंदीच्या वर्षात सगळ्या अमिरातीत दुसरा नसेल.

संध्याकाळी हनीफ खोके आत ओढत होता. त्याच्याकडे बघून मला वाईट वाटलं. पण तोच मला म्हणाला, "साब, कोई बात नहीं, गन वापस कर दूँगा. सीटी मँगवाई है. दो खोका."