आठवा गोटा

मंडईच्या दिवशी सकाळी ईस्तारी माझ्या अंगणात आला तेव्हा त्याच्या खांद्यावर नदीतला काळा गोटा होता. दोन माणसांनी उचलावा एवढा, आणि हा एकटाच घेऊन आलेला. त्यानं तो जांभळीखाली उतरवला, धोतराच्या सोग्यानं मान पुसली आणि म्हणाला, "भाऊ, गोटा आणला."

मी विचारलं, "कोनाचा?"

"माहा. आठवा. तुमच्याच हातानं लावा लागते, म्हणून इथीच टाकला. संध्याकाळी पाळीवर नेऊ."

"आधी इटी आन," मी म्हटलं. "गोटे नदीत लय पडले हायेत."

तो हसला. चूल पेटवतो, चहा टाकतो म्हटलं तर थांबला नाई. आमची निवांत अशी ती शेवटची भेट. संध्याकाळी पुन्हा भेटलो, पण ते साऱ्या गावासमोर. आता मार्गशीर्ष संपत आला, तरी गोटा जांभळीखालीच आहे. तो तिथं काऊन आहे हे मी गावाले सांगितलं नाई. तोंडानं सांगणारही नाई. म्हणून लिहून राह्यलो. मी तिसरी शिकलो. तिसरीत मास्तरानं दुसऱ्याच्या खोडीसाठी मले मारलं, त्या दिवशी शाळा सोडली ती सोडलीच. लिहिण्यात चुका असतील त्या पेपराच्या पुरवणीवाल्यांनी सुधाराव्या, पण गोष्टीत हात घालू नये.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्री दंडार नाईतर नाटक होते. आमच्या गावची मंडई मात्र इटी-दांडूची. दुसरीकडे तो पोरांचा खेळ असेल, इथं मिशा पिकलेले गडी खेळतात. खेळाची जागा म्हणजे गावामागचा फुटका तलाव. माझ्या बापाच्या काळात फुटला. मालगुजार म्हणे गावानं बांधावा, गाव म्हणे मालगुजारानं. आता मालगुजारीच गेली, तलाव तसाच. पोटात कोरडं मैदान, तिथं आमचा आखर, गाईढोरं जमतात. समोर तलावाची उंच पाळ, म्हणजे मातीचा बांध, उभी आहे. पाळीपलीकडे पूर्वी धानाच्या बांध्या होत्या, त्या जंगलानं गिळल्या. माणसाच्या डोक्यावर जाईल असं गवत, मधी मधी पळस, बांबू. दिवसाही तिकडे कोणी लाकडाले जात नाई.

आखरातल्या गलीवरून, म्हणजे जमिनीत कोरलेल्या खाचेवरून, मारलेली इटी पाळीच्या डोक्यावरून पलीकडे गेली तर त्याले आम्ही पाळपार म्हणतो. कित्येक मंडया अशा जातात की एकही पाळपार पडत नाई. जन्मभरात ज्याचे पाळपार सगळ्यात जास्त, तेवढे गोटे पाळीवर रांगेनं गाडलेले. त्याच्यापेक्षा एक जास्त कोणी मारला तरच रांगेत नवा गोटा लागतो, आणि तो लावायचा हक्क ज्याचा विक्रम मोडला त्याचा. तो मेला असेल तर त्याच्या पोराचा. हरलेल्या घरानं आपल्या हातानं लावला नाई तर गोटा लागत नाई, मग बाकी गाव काही का म्हणेना. सातवा गोटा माझा आहे. माझ्या उमेदीत लाकडाचे ठेकेदार चांगले खेळणारे गडी पगारावर ठेवत आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मंडयांतून फिरवत. मी तसा पगारी खेळलो, चिमूरपासून पार वैनगंगेपर्यंत. पण बाहेरचे टोले आमच्या पाळीवर धरत नाईत, आणि धरू नयेत.

आणखी एक नियम आहे, तोच सगळ्यात जुना. इटी ज्यानं मारली त्यानंच एकट्यानं पाळीपार जायचं, ती शोधायची आणि आणून गलीत ठेवायची. तोवर टोला धरत नाईत. दुसऱ्यानं आणली तर टोला गेला, दिवस बुडाल्यावर आणली तरी गेला. तो तिकडे शोधत असतो तेव्हा आम्ही इकडे डफ वाजवत राहतो, म्हणजे गवतात त्याले गावाची दिशा कळते. इटी सापडली की तो हाक देतो, "भेटली." मग पाळीवर त्याचं डोकं दिसेपर्यंत कोणी बोलत नाई.

ईस्तारी जाळं टाकणाऱ्या घरचा. मोठ्या तलावात आणि नदीत मासे धरायचा, पावसाळ्यात लोकांच्या बांधीत रोवण्याले जायचा. लोक म्हणतात मी त्याले शिकवलं. खोटं आहे. मी कोणाले शिकवलं नाई आणि त्यानं विचारलं नाई. जाळं फेकताना कंबर जशी फिरते तशी त्याची दांडूवर फिरायची, एवढंच. खेळायले लागला तेव्हापासून एखाद्या मंडईत एक, एखादीत काहीच नाई, असं करत करत तो माझ्या सातापर्यंत आला. जसजसा जवळ आला तसतसा माझ्या छपरीत येऊन बसायले लागला. विडी ओढायची, उठून जायचं. लोकांना वाटायचं आमच्यात वैर आहे. वैर असतं तर विडी माझी काऊन ओढली असती...

एकदा त्यानं विचारलं, "भाऊ, सातव्या इटीले तिकडं काय झालतं? लोक म्हणतात तुमी दोन दिवस बोलले नाई."

हे मी माझ्या बायकोलेही सांगितलं नव्हतं, ती मरेपर्यंत नाई. त्याले सांगितलं. गवतात मी चाललो की बाजूचं गवतही चालायचं. मी थांबलो की थांबायचं. इटी उचलायले वाकलो तेव्हा श्वास ऐकू आला, माझा नव्हता. मी हाक दिली आणि डफाच्या दिशेनं चालत आलो. पळालो नाई. मागं पाहिलं नाई. पाळीच्या पायथ्यापर्यंत गवत माझ्यासोबत आलं.

ईस्तारीनं विडी विझवली. मग म्हणाला, "तवापासून तो तिथीच बसला हाय काय?"

"येडा हायेस काय. एवढी वर्सं जनावर जगते?"

"मंग त्याचा पोरगा असंल," असं म्हणून हसला आणि माझी आणखी एक विडी घेऊन गेला.

या साली पावसाळा सरताच पाळीमागं खरंच जनावर आलं. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाईत. आधी एक कालवड गेली, मग गाडीचा बैल. गोवाऱ्यानं गुरं आखरात आणणं सोडलं. रोज दुपार उतरली की पाळीवरच्या झाडातून माकडं खेकसायची आणि मग एकदम गप्प व्हायची. त्या गप्प होण्याची भीती जास्त वाटे. जंगल नाक्याचा शिपाई सांगून गेला की यंदा खेळ बंद ठेवा. पण पाहुण्यांना निरोप गेले होते, नाटकवाल्यांना सुपारी दिली होती, आणि लाकडाचा ठेकेदार म्हणत फिरत होता की आठवा पाळपार पाहायले चांद्याहून लोक येऊन राह्यले.

मंडईच्या आदल्या दिवशी ईस्तारीची बायको कौसल्या माझ्याकडे आली. बसली नाई, दारातच उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, तुमी नाई म्हणाल तर तो खेळणार नाई."

"मी नाई म्हटलं तर गाव म्हणंल, म्हातारा आपले सात वाचवून राह्यला."

"म्हणू द्या ना गावाले," ती म्हणाली आणि गेली.

तरी मी गेलो. तो अंगणात जाळं सांधत बसला होता, त्याचं लहान पोरगं मांडीवर. मी सांगितलं, यंदा राहू दे, पुढच्या साली मार, मी कुठी जात नाई. त्यानं दातानं सुताची गाठ आवळली आणि म्हणाला की आठवी झाली की सोडतो, मग जाळं भलं आणि मी भला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोटा घेऊन आला, ते वर लिहिलंच आहे.

संध्याकाळी आखर माणसानं भरला होता. ईस्तारीचे बरेच टोले पाळीले लागून इकडेच पडले. ऊन पाळीच्या माथ्यावर गेलं तेव्हा लोक नाटकाकडे सरकायले लागले, आणि मले आतून बरं वाटलं. तेवढ्यात त्यानं इटी उडवली. दांडूचा तो आवाज मी म्हातारा माणूस, हातानं ओळखतो, कानाची गरज नाई. इटी वर गेली, उन्हात एकदा दिसली आणि पाळीपार पडली... खूप आत. लोक ओरडले. माकडं ओरडत होती ती गप्प झाली.

मी गलीपाशी गेलो. गावासमोर बोललो, हळू नाई बोललो. "ईस्तारी, आज जाऊ नको. सकाळी आण. माझा विक्रम हाय, मी टोला धरतो म्हणतो."

त्यानं विचारलं, "तुमी सातवी सकाळी आणली होती काय?"

खोटं बोलता आलं असतं. पण ते साऱ्या गावाले माहीत होतं. "नाई," मी म्हटलं.

"मंग," तो म्हणाला. धोतर खोचलं, दांडू माझ्या हातात दिला. "धरा जरा."

पाळीवर चढला. वर एकदा उभा राहिला, इकडे पाहिलं असं काही लोक सांगतात, मले दिसलं नाई, ऊन डोळ्यांवर होतं. मग पलीकडे उतरला. डफ सुरू झाला. किती वेळ गेला ते सांगत नाई, कारण ज्याले विचाराल तो वेगळं सांगेल. मग हाक आली, लांबून, पण स्वच्छ. "भेटली, भाऊ." आजपर्यंत कोणी हाकेत कोणाचं नाव घेतलं नव्हतं. त्यानं भाऊ म्हटलं. त्यानंतर डफ वाजत राहिला आणि आम्ही पाळीकडे पाहत राहिलो. ऊन गेलं. पाळीवर डोकं दिसलं नाई.

टेंभे घेऊन, भांडी बडवत गडी पाळीवर गेले, खाली उतरायची हिंमत झाली ती उजाडल्यावर. तो पाळीच्या पायथ्याशी होता. तोंड गावाकडे. चढायले दहा पावलं उरली असतील. त्याच्या अंगाबद्दल मी लिहिणार नाई, त्याची बायको कोणाकडून तरी हे वाचून घेईल. एवढंच लिहितो की उजवी मूठ बंद होती.

बाजेवर घालून त्याले पाळीवरून आणला. आखरातून जाताना ठेकेदार दुसऱ्याले म्हणत होता, बिचाऱ्याचा टोला गेला, इटी पाळीच्या आत आलीच नाई. कोणी म्हणालं, आणि दिवसही बुडाला होता. मी काठी आडवी केली. बाज गलीपाशी उतरवायले लावली. त्याची मूठ मी उघडली, बोटं एक एक करून. इटी गलीत ठेवली. ठेकेदाराले म्हटलं, "आली. मारणाऱ्यानंच आणली. कोणाच्या खांद्यावर यायचं ते नियमात नाई. आन दिवस माह्यासाठी आता बुडाला." विक्रम माझा होता, बोलायचा हक्कही माझा.

मग गोटा लावायचा राहिला. तेरवी झाल्यावर चार गडी बोलावतो म्हणत होतो. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी कौसल्या आली. जांभळीखाली गोट्याजवळ थांबली, त्याले हात लावला नाई.

"हा लावणार काय?"

"त्याले म्हटलं होतं, आधी इटी आन. त्यानं आणली."

"लावला की मोडलेला विक्रम तुमचा. मंग उभा विक्रम कोनाचा?"

"त्याचा."

"तो नाई. मंग पाळीचा हक्क कोनाकडं येते भाऊ?"

ईस्तारीच्या मांडीवरचं ते लहान पोरगं डोळ्यांसमोर आलं. उद्या नववा कोणी मारला तर गोटा लावायले त्याले बोलावतील. आणि लोक त्याले तिथंच थांबू देणार नाईत. बापाचे आठ आहेत, पोराच्या हाती दांडू द्या, म्हणतील. ठेकेदार तर आतापासूनच म्हणतो की पोराचं मनगट बापाचं आहे.

"तुमाले लेकरू नाई," कौसल्या म्हणाली. "तुमचे सात तुमच्यासोबत संपतात. तुमच्यापाशीच राहू द्या."

म्हणून गोटा जांभळीखाली आहे. मी लावला नाई तर रांग सातावर थांबते, मी मेलो की लावणारा हातच राहत नाई. गाव म्हणते म्हातारा आपले सात वाचवून राह्यला. पारावर बोलतात, मी गेलो की गप्प होतात. म्हणू द्या. इथं मात्र माझ्या हातानं लिहून ठेवतो की ईस्तारीचे आठ झाले, आठवी त्यानं आणली, आणि मी सातावर हरलो.

जनावर अजून पाळीमागंच आहे. आणि चारपाच दिवसांपासून संध्याकाळी ईस्तारीच्या अंगणातून बारीक आवाज येतो, तुराटीच्या काडीनं इटी मारल्याचा. टोला अजून कुंपणापर्यंत जात नाई. काल ते पोरगं माझ्या दारात आलं आणि बापाचा दांडू मागितला. मी नाई म्हटलं. ते गेलं नाई, उंबऱ्याशी उभं राहून दांडूकडेच पाहत होतं, बापासारखंच मान तिरपी करून. अंधार पडायच्या आधी कौसल्या येऊन त्याले घेऊन गेली. उद्या पुन्हा येईल. मी छपरीत बसतो ते गोट्याकडे तोंड करून, दांडू मांडीवर आडवा. धरा जरा म्हणाला होता... धरून राह्यलो.